डाव्या हँडलची गाडी

११ सप्टेंबर २०१८, मंगळवार

आजपासून मी शोरूममध्ये दिसता कामा नये. नवे हिजरी वर्ष लागले आणि त्याबरोबर नवा नियमही. गाड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाशी आता सौदी माणूसच बोलणार. अबू राशिद, माझा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर मी इथे आहे तो मालक, सकाळी फोनवर म्हणाला, इब्राहीम, तू मागे यार्डात बस, पुढच्या काचेतून दिसलास तर दंड मला बसेल. माझी खुर्ची मीच उचलून मागे नेली.

इकाम्यावर, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावर, माझा पेशा विक्रेता असा आहे. तो पेशा आता परदेशी माणसाला नाही. पेशा बदलला नाही तर इकामा वाढणार नाही, आणि माझा इकामा नसेल तर बायको समरीन आणि मुलगी सहर परत येऊ शकणार नाहीत. त्या जुलैत गावी गेल्या. कुटुंबाची माणशी सरकारी फी वाढल्यावर दम्माममधल्या ओळखीच्या सगळ्यांनी आपापल्या बायकामुलांना खुरूज करून, म्हणजे कायमचे, पाठवले. मी तसे केले नाही. मी दोघींचा परतीचा व्हिसा काढला. तो पाच जानेवारीपर्यंत चालतो.

अबू राशिदने शब्द दिला आहे. त्याचा पुतण्या नबील याला मी गाड्या घ्यायला शिकवायचे. तो तयार झाला की माझा पेशा बदलून तंत्रज्ञ करायचा. तंत्रज्ञाला कुटुंब ठेवता येते.

संध्याकाळी इमारतीखाली गाडी लावताना उजवीकडे जास्तीची जागा सोडली. समरीनला उतरताना दार पूर्ण उघडावे लागते. जिना चढून वर आल्यावर लक्षात आले.

१६ सप्टेंबर, रविवार

नबीलचा पहिला दिवस. उशिरा आला आणि दोघांसाठी कॉफी घेऊन आला. त्यामुळे उशिरावरून बोलता आले नाही. मला तो ‘या अम’ म्हणतो, म्हणजे काका.

त्याला मुळापासून सांगावे लागले. जपानात गाड्या आपल्या देशासारख्याच उजव्या हँडलच्या. इथे त्या चालत नाहीत. पण जपानी हौशी माणूस जर्मन गाडी घेतो तेव्हा मुद्दाम डाव्या हँडलची घेतो. तीच खरी, असे त्याला वाटते. तीन-चार वर्षे ती देव्हाऱ्यातल्यासारखी जपतो, मग लिलावात काढतो. त्या आम्ही घेतो.

लिलावाचा माणूस प्रत्येक गाडी तपासून एक कागद करतो. कोपऱ्यात आकडा असतो. पाच म्हणजे नव्यासारखी, चार म्हणजे चांगली, तीन म्हणजे घेणाऱ्याने विचार करावा. आतल्या गाद्या, छत, वास यांना वेगळे अक्षर. खाली गाडीचे चित्र, चिरून उन्हात पसरलेल्या बांगड्यासारखे, आणि त्यावर बारीक खुणा. इथे ओरखडा, इथे पोचा, हे दार बदललेले, इथे रंग पुन्हा मारलेला. मी त्याला म्हटले, आकडा शेवटी बघायचा. चारच्या दोन गाड्या सारख्या नसतात. एकीचे चार ओरखड्यांमुळे झालेले असते, दुसरीचे पत्र्याखाली दडलेल्या कशामुळे तरी.

नबीलने विचारले, मग आकडा लिहितात कशाला? मी म्हटले, आकडा तुझ्या काकांसाठी, चित्र आपल्यासाठी.

कागदावर हाताने लिहिलेले शेरे असतात. ते मी वाचून दाखवले तेव्हा त्याने विचारले, तुला जपानी येते? मला जपानी येत नाही. गंजला, दुरुस्त, डाग, तंबाखूचा वास, एवढी अक्षरे मी ओळखतो. जपानीतल्या फक्त तक्रारी मला वाचता येतात.

१९ सप्टेंबर, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत समरीनला फोन लावला. तिकडे शाळा सुटायची वेळ. ती गाडीत होती. मागे मुलींचा गलका. दापोलीहून घरी, बुरोंडीला निघाल्या होत्या. सहरला तिथल्या शाळेत तात्पुरते घातले आहे, वर्ष वाया जायला नको म्हणून.

‘थांबा जरा,’ समरीन म्हणाली, आणि गाडी थांबली. इंजिन चालूच होते. पट्टा किंचाळत होता. इतक्या लांबून स्पष्ट ऐकू आला. मी म्हटले, ड्रायव्हरला सांग, पट्टा बदल. उतारावर तुटला तर पंचाईत होईल.

‘सांगते,’ ती म्हणाली.

मग सुट्टी संपली. फोन ठेवल्यावर लक्षात आले, ती कशी आहे हे मी विचारलेच नाही. पट्ट्याचेच बोलत बसलो.

२ ऑक्टोबर

बाजारातून पापलेट आणले. साफ करायला दिले तर बंगाली पोऱ्याने डोके उडवून दिले. समरीन डोके ठेवायची. तसेच तळले आणि अर्धे टाकले. सहरच्या खोलीचे दार मी उघडे ठेवतो. बंद दाराच्या घरात कोणी तरी आत आहे असे सारखे वाटत राहते.

५ ऑक्टोबर, शुक्रवार

आज समरीनने स्वतःहून फोन केला. इकडची तिकडची चौकशी करून विचारले, गाडी चालवताना हँडल डावीकडे ओढत असेल तर काय असते. मला इतके बरे वाटले. इतक्या वर्षांत तिने माझ्या कामातले कधी काही विचारले नव्हते. मी सविस्तर सांगितले. आधी टायरमधली हवा बघायची, पुढची दोन्ही चाके सारखी हवीत. तरी ओढत असेल तर अलाइनमेंट. ब्रेक दाबल्यावर ओढत असेल तर गोष्ट वेगळी. ती ‘हां, हां’ म्हणत होती, लिहून घेतल्यासारखी. पट्टा बदलला, असेही म्हणाली, आवाज गेला. त्या ड्रायव्हरचे कौतुक वाटले. कोकणात सांगितल्याबरोबर पट्टा बदलणारा ड्रायव्हर मी पाहिलेला नाही.

सहर दोन मिनिटे बोलली. ‘आय अॅम फाइन, अब्बा. स्कूल इज ओके.’ मग कोणीतरी हाक मारली तेव्हा फोनपासून तोंड लांब नेऊन ओरडली, ‘आलंय गं, थांब.’ हे मराठी तिला इथे येत नव्हते.

समरीनला माझ्या कामाची आठवण येते आहे. माणूस असा आडून बोलतो.

१० ऑक्टोबर, बुधवार

मी बंदरावर होतो. जाताना नबीलला सांगून गेलो होतो, आज लिलाव तू बघ. पाचची गाडी दिसली तर मला विचारू नको, घे. त्याहून कमी असेल तर थांब.

परत आलो तर तो दारातच उभा. ‘खमसा, या अम,’ म्हणाला. पाच. जर्मन, लांब डिकीची, चांदीच्या रंगाची, आणि भावही कमी. भाव कमी म्हणाला तेव्हाच मी कागद मागितला.

त्याने फोनवर कागद दाखवला. कोपऱ्यात हाताने काढलेले एक वाटोळे. ते शून्य होते. अपघातात जिचा सांगाडा दुखावला आणि मग जोडला, त्या गाडीला हे लिलाववाले गुण देत नाहीत, शून्य लिहितात.

अरबी पाच असाच लिहितात, वाटोळा. त्यांचे शून्य म्हणजे नुसता ठिपका. नबील पाटीवर जे वाटोळे पाच म्हणून गिरवत मोठा झाला, तेच मी बुरोंडीच्या शाळेत शून्य म्हणून गिरवले. मी विचारले, चित्र नाही बघितलेस? तो म्हणाला, पाच असल्यावर तूच म्हणालास विचारू नको.

चित्रावर मागच्या बाजूला खुणांचे मोहोळ होते.

११ ऑक्टोबर

अबू राशिद ओरडला नाही. त्याने नबीलकडे पाहिलेही नाही. मला म्हणाला, वाचणारा तो, पण शिकवणारा तू. गाडी येऊ दे. ती विकून दाखवा, नुकसान न होता. कागद दाखवून विका, लपवून विका, ते मी विचारणार नाही. मग तुझ्या पेशाचे बघू.

बाहेर आल्यावर नबील म्हणाला, मी काकांना सांगितले की चूक माझी. मी म्हटले, ऐकले मी. तो म्हणाला, मग ते तुझ्यावर का चिडले? मी म्हटले, तू त्यांच्या भावाचा मुलगा आहेस.

समरीनला यातले काही सांगितले नाही. जानेवारीच्या आत होईल म्हणालो.

‘बघू,’ ती म्हणाली.

३० ऑक्टोबर

नबीलची आई ड्रायव्हिंग शिकते आहे. शाळेत बायकांची एवढी रांग की नंबर लागायला महिने जातात. तो सांगत होता, पहिल्याच दिवशी आईने त्याच्या बापाला मागच्या सीटवर बसवले. खूप हसला. जूनमध्ये बायकांना गाडी चालवायची परवानगी आली तेव्हा समरीननेही विचारले होते, आपण शिकायचे का. मी म्हटले होते, तुला कशाला, मी आहे ना. खरेच होते ते. एवढ्या वर्षांत मी तिला कधी टॅक्सीने पाठवले नाही.

१४ नोव्हेंबर, बुधवार

गाडी उतरली. कस्टममधून सुटली. चालते आहे, बाकी त्यांना देणेघेणे नाही.

दिवसभर तिच्याखाली होतो. कारखान्यात पत्रा जोडताना टाक्यांचे ठिपके सारख्या अंतरावर पडतात. माणूस जोडतो तेव्हा अंतर चुकते. डिकीच्या तळाला डावीकडे अंतर चुकलेले आहे. मागून कोणीतरी जोरात ठोकले असणार. पण ज्याने जोडले तो कारागीर होता. दार एका बोटाने लागते. सगळ्या फटी सारख्या. मोकळ्या रस्त्यावर हँडल सोडून दिले तर नाकासमोर गेली.

मी नबीलला म्हटले, ही गाडी साडेतीनच्या पुष्कळ गाड्यांपेक्षा चांगली आहे. तो म्हणाला, मग शून्य का? मी म्हटले, तिला काय झाले होते ते त्यांना माहीत आहे म्हणून. आता कशी आहे ते त्या आकड्यात येत नाही.

नबील म्हणाला, कागद नको दाखवायला. गिऱ्हाइकालाही पाचच वाटेल. आणि स्वतःच हसला, पण थोडेच. मी म्हटले, दाखवूनच विकायची. एकदा लपवली की मग ती तुझ्या हातची होते.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

सहरने फोटो पाठवला. शाळेच्या स्नेहसंमेलनाचा. ती आठ-दहा मुलींच्या मधे, दोन वेण्या घातलेली. इथे वेणी घालू द्यायची नाही. समरीन कडेला उभी आहे. बारीक झाली आहे. चेहरा उजळ आहे पण उजवा हात कोपरापासून खाली काळवंडला आहे. डावा तसाच गोरा. फोटो मोठा करून पाहिला. वाळवणाचे दिवसही नाहीत. फोनवर म्हटले, उन्हात उभी राहतेस का, छत्री घेत जा.

ती हसली. बऱ्याच दिवसांनी असे हसली. ‘छत्री कुठे धरू?’ म्हणाली.

फोटो दुपारभर पाहत होतो.

२५ नोव्हेंबर, रविवार

खमीस मुशैतहून, दक्षिणेकडच्या डोंगरातून, परत आलो. तिथे जलाल आहे, महाडचा, गॅरेज चालवतो. जुनी ओळख. त्याचे एक गिऱ्हाईक, सैन्यातून निवृत्त झालेला अधिकारी, अशीच लांब डिकीची गाडी शोधत होता. फोनवर सगळे सांगितले होते. तरी म्हणाला, आणून दाखवा.

मी आणि नबील गाडी घेऊन गेलो. रियाधला अल मलाझमध्ये जेवलो, पुढे त्याने चालवली. मी बाजूला झोपलो. जाग आली तेव्हा रस्ता चढत होता आणि बाहेर धुके. कठड्यावर माकडे बसलेली. काचेवर ओल. क्षणभर मी खेडच्या घाटात होतो. काच खाली केली. मातीला वास होता, पण आपला नव्हे. नबीलने विचारले, काय झाले? मी म्हटले, काही नाही, चालव.

मग त्याला सांगितले. बायको आणि मुलगी जानेवारीच्या आत येतील, ही गाडी विकली की. त्याने विचारले, ती येते म्हणाली?

‘बघू म्हणाली.’

‘बघू म्हणजे?’

‘म्हणजे तुमचे इन्शाल्ला.’

नबीलने माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा रस्त्याकडे. ‘या अम, मी दहा वर्षांचा असताना आईकडे घोडा मागितला होता. ती इन्शाल्ला म्हणाली. तू आमच्या घरी आला आहेस. तुला घोडा दिसला का?’

त्याला मराठी येत नाही. बघूमध्ये पुष्कळ अर्थ असतात.

अधिकाऱ्याने कागद हातात घेतला, शून्यावर बोट ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, शून्यच आहे. काय काय जोडले ते खाली वाकून दाखवले. तो लंगडत गाडीभोवती फिरला. माझा गुडघाही असाच आहे, म्हणाला, आतून लोखंडाचा, आणि जिना पहिल्यापेक्षा बरा चढतो. चालवून आला आणि आमच्या भावाला घेतली. जलालने दोघांना जेवल्याशिवाय सोडले नाही. त्याची बायको मागल्या वर्षी महाडला गेली, कायमची. भात त्यानेच केला होता. गरगट.

१२ डिसेंबर

नबीलला माझ्या गाडीतून बंदरावर नेले. पाय मावेनात म्हणून त्याने बाजूची सीट मागे सरकवली. तो उतरल्यावर पुन्हा पुढे घेतली. समरीनची कुठल्या खाचेवर होती ते आठवेना. एक पुढे, एक मागे, पुष्कळदा करून पाहिले. ती असती तर बसल्याबरोबर कळले असते.

२७ डिसेंबर, गुरुवार

झाले. कादिर, आमच्या ऑफिसची सरकारी कामे करणारा मल्याळी, स्वतः यार्डात आला आणि इकामा हातात ठेवला. पेशा, तंत्रज्ञ. ‘भाईसाब, मिठाई,’ म्हणाला. नऊ दिवस हाताशी आहेत. आज तिकिटे काढली तरी दोघी वेळेत पोचतात.

लगेच फोन लावला. तिकडे पाच वाजले असतील. सहरने उचलला.

‘अब्बा, वेट, मम्मी रिव्हर्स घेतेय.’

मागे मुलींचा कल्ला. या मागं, या, या, बास, दगड हाय. कोणीतरी गाडीवर थाप मारली.

मी म्हटले, कोण रिव्हर्स घेतेय?

‘मम्मी. हू एल्स?’

मग समरीन आली. इंजिन बंद झाल्याचे ऐकू आले.

‘कधीपासून?’ मी विचारले.

‘ऑगस्टात शिकले. गाडी सप्टेंबरात घेतली. ईको हाय, जुनी. मुलींना दापोलीला नेते, आणते.’

‘ड्रायव्हर होता ना गावात?’

‘होता. म्हणून तर आया पाठवत नव्हत्या. चौघींच्या शाळा सुटायला आल्या होत्या.’

‘जुनी गाडी घेतलीस आणि मला विचारले नाहीस. समरीन, मी काय काम करतो?’

‘विचारलं असतं तर तुमी ग्रेड विचारला असतात,’ ती म्हणाली. ‘मला चालतेय का एवढंच बघायचं होतं.’

मी पेशाचे सांगितले. इकामा हातात असल्याचे सांगितले. पाच जानेवारीचे सांगितले. ती ऐकत होती. मुली आता गप्प होत्या, त्या ऐकत असणार.

‘एवढं केलंत तुमी,’ ती म्हणाली. मग म्हणाली, ‘पण मुलींना कोण नेईल?’

मी म्हटले, उद्या बोलू.

‘तुमी या,’ ती म्हणाली.

२८ डिसेंबर

जुन्या नोंदी वाचल्या. पट्टा. हँडल. छत्री कुठे धरू. तो हात. वीस वर्षे गाड्या चालवून माझा डावा हात उजव्यापेक्षा काळा आहे, इथे खिडकी त्या बाजूला येते. रोज अंघोळीच्या वेळी पाहतो.

फोन केला नाही. तिचाही आला नाही.

१ जानेवारी २०१९

बोललो. मी एकदाही या म्हटले नाही आणि तिने एकदाही येत नाही म्हटले नाही. गाडीबद्दल बोललो. दुसरा गिअर अडतो म्हणाली. मी विचारले, थंड असताना की गरम झाल्यावर. ‘गरम झाल्यावर,’ म्हणाली, आणि पुढे म्हणाली, ‘तुमी असतात तर हात लावून सांगितलं असतंत.’

हे आडून नव्हते.

६ जानेवारी, रविवार

काल मुदत संपली. कादिरने समजावले. आता दोघींची नावे माझ्या इकाम्यावरून उतरवावी लागतील, नाहीतर फी चढत राहील. सरकारी अॅपमध्ये माझ्या फोनवरूनच करायचे. दोन्ही नावांवर खूण करायची आणि कारण निवडायचे. कारण एकच आहे, ‘खरज व लम यउद’. कादिरने हिंदीत अर्थ सांगायला सुरुवात केली. मी म्हटले, येते मला.

गेला आणि परतला नाही. अरबीत ते एकवचनी पुल्लिंगी आहे, सगळ्यांना तेच लावतात.

यार्डात जाऊन उभ्या गाड्यांमधून फिरलो. मग दाबले.

९ जानेवारी, बुधवार

अबू राशिदला सांगितले, मला खुरूज द्या. त्याला वाटले मी जास्त काही मागतो आहे. मग वाटले दुसऱ्या कफीलने फोडले. शेवटी म्हणाला, तंत्रज्ञ केले ते कशासाठी? मी म्हटले, बायकोसाठी. ती येत नाही म्हणून मी जातो. तो बराच वेळ माळ ओढत बसला. बायकोने बोलावले म्हणून जाणारा तू पहिला, म्हणाला, सगळे आईला आजारी पाडतात.

नबील मागे आला. राग आला होता त्याला. मी अजून शिकलेलो नाही, म्हणाला. त्याच्या हातात आजचे कागद होते. त्याने आज एक पाचची गाडी सोडून दिली, चित्रात पुढचा खांब त्याला बरा वाटला नाही. मी कागद पाहिला. मला त्या खांबात काही दिसले नाही. कागद त्याला परत दिला. सोडलेल्या गाडीने कोणाचे नुकसान होत नाही.

२० जानेवारी, रविवार

घर आवरले. सहरचे टेबल जलालच्या इथल्या भाच्याने नेले. माझी गाडी नबीलने घेतली, त्याच्या आईसाठी. परवाना मिळाला तिला.

समरीनला तारीख सांगितली. मुंबईला उतरून कोकण रेल्वेने खेड. शनिवारी नको, म्हणाली, शनिवारी शाळा सकाळची असते, दुपारी गाडी धुवायला देते. सोमवारी या. मुलींना सोडून मी स्टेशनवर येते. मी म्हटले, एसटीने येईन, कशाला त्रास. ती म्हणाली, सामान असेल. मी म्हटले, सामान फारसे नाही.

‘तरी येते,’ म्हणाली.

मी म्हटले, मग घाटातून मी चालवतो, सकाळपासून तू चालवून दमलेली असशील.

‘नको,’ समरीन म्हणाली. ‘वीस वर्षं तुमी रस्त्याच्या त्या अंगानं चालवलीत. तुमी बाजूला बसा.’

तिकडे बाजूची सीट डावीकडे. म्हणजे रोज बसतो त्याच बाजूला बसायचे, समोर हँडल नसेल एवढेच.

मी हो म्हटले.